डावं उलटं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते पगाराच्या सहीपुरतं. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मी अजून अंदाजानेच ठरवते. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी चुकून कोणाच्या हाती पडली तर त्याने चुका पोटात घालाव्यात. चांगलं अक्षर असलेल्या लोकांनी काय दिवे लावले ते मी जवळून बघितलं आहे, म्हणून माझ्या अक्षराची मला फार लाज वाटत नाही. थोडी वाटते.

लिहायचं कारण एवढंच की मला बोलता येत नाही. मुकी नाही मी. पण चार माणसांसमोर तोंड उघडायची वेळ आली की घशात काहीतरी अडकतं, अर्धं वाक्य आत राहतं आणि अर्धंच बाहेर येतं. अशा एका अर्ध्या वाक्याने माझे पाच हजार चारशे रुपये कापले गेले आणि माझ्या हाताला नाव ठेवलं गेलं. ते सगळं एकदा पूर्ण वाक्यांत लिहून ठेवायचं आहे.

मी मरोळला सायकलच्या दुकानात कामाला आहे. दुकान म्हणजे फुटपाथवर पाण्याचं घमेलं आणि पंप घेऊन बसलेला पंक्चरवाला नव्हे. काचेचं दार आहे, आत एसी आहे, भिंतीवर सायकली टांगलेल्या आहेत आणि प्रत्येकीला किमतीची चिठ्ठी आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, छापणाऱ्याने एक शून्य जास्त मारलंय. नंतर कळलं, शून्य बरोबर आहे, घेणारे जास्त आहेत.

त्याआधी अकरा वर्षं मी इंडस्ट्रीतल्या एका गाळ्यात पायडल भरत होते. साध्या काळ्या सायकलीचं रबराचं पायडल. मधल्या दांडीला ग्रीस लावायचं, दोन्ही टोकांना छर्रे बसवायचे, वरून नट आवळायचा, फिरवून बघायचं. पायडल मोकळं फिरलं पाहिजे आणि हललं नाही पाहिजे. आम्ही बारा बायका होतो. आमच्यासमोर दोन क्रेट असायचे, एक चेनच्या बाजूचं आणि एक बिनचेनच्या बाजूचं. डावं-उजवं असं गाळ्यात कोणी म्हणायचं नाही, कारण डावं म्हटलं की कोणाचं डावं हा प्रश्न येतो. सायकलच्या समोर उभ्या माणसाचं डावं वेगळं आणि सायकलवर बसलेल्याचं वेगळं. चेन मात्र एकाच बाजूला असते, तिच्यावरून भांडण होत नाही.

बिनचेनच्या बाजूच्या पायडलाचे आटे उलटे असतात. जगातला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक नळ, प्रत्येक बरणीचं झाकण ज्या बाजूला फिरवलं की घट्ट होतं, त्याच्या बरोबर विरुद्ध. सगळे सारखे ठेवले असते तर पाय मारता मारता त्या बाजूचं पायडल हळूहळू सैल होऊन पडलं असतं, म्हणून कोणा शहाण्याने फार पूर्वी ही सोय केली. दांडी उभी धरली की आटे उजवीकडे चढताना दिसतात किंवा डावीकडे. आम्हाला बघावंही लागायचं नाही, अंगठ्याचं नख फिरवलं की कळायचं. गप्पा मारता मारता, मान वर करून, आमची क्रेटं भरायची. अकरा वर्षांत माझ्या क्रेटमधून एकही पायडल उलटून परत आलं नाही. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. पुढे काय झालं ते समजावं म्हणून लिहिते.

लॉकडाउनमध्ये गाळा बंद पडला. मग या दुकानात झाडू-पोछ्याला लागले. एकदा शेठचा मेकॅनिक आला नव्हता आणि एक पायडल लावायचं होतं. मी झाडू ठेवला आणि लावून दिलं. शेठने दोनदा हलवून बघितलं. तेव्हापासून झाडूही माझ्याकडे आणि पायडलंही. मेकॅनिक पुढे सोडून गेला, त्याचंही बरंचसं काम माझ्याकडे आलं. पगार मात्र झाडूचाच राहिला.

इथल्या गिऱ्हाइकांबद्दल काय लिहू. शिकलेली माणसं आहेत. सकाळी आरे कॉलनीत चकरा मारतात आणि परत येताना दुकानासमोर थांबून आपापल्या सायकलीचं वजन सांगतात. अमक्याने दोनशे ग्रॅम कमी केलं, तमक्याने तीनशे. स्वतःच्या पोटाकडे कोणी बघत नाही.

यांना बूट अडकवायची पायडलं हवी असतात. बुटाच्या तळव्याला एक पट्टी, ती पायडलात खट्टकन बसते आणि पाय सायकलशी बांधला जातो. इंग्रजीत त्याला ‘क्लिप नसलेलं पायडल’ म्हणतात असं शेठने एकदा सांगितलं. क्लिप तर ढळढळीत दिसते! यांना धड नाव ठेवता येत नाही आणि मला शिकवायला येतात. नवीन माणसाने आधी पायडलाचा छोटा स्क्रू सैल करून घ्यावा, म्हणजे पाय लवकर सुटतो. भिंतीला हात लावून जागच्या जागी पाच-पन्नास वेळा अडकवावं, टाच बाहेर फिरवून सोडवावं. रस्त्यावर सिग्नल दिसला की थांबण्याच्या आधी एक पाय मोकळा करावा. एवढंच असतं. पण हे ऐकायला कोणाला वेळ आहे? पैसे देतात, बूट घालतात आणि थेट हमरस्त्यावर. आमच्या समोरच सिग्नल आहे. दर रविवारी एक तरी माणूस तिथे पडतो. जोरात नाही. सायकल थांबते, माणूस थांबतो, आणि दोघं मिळून हळूच आडवे होतात, गोठ्यात म्हैस बसावी तसे. मागून रिक्षावाला हॉर्न मारत असतो.

आणि शॉकप. पुढच्या चिमट्यात दोन नळ्या असतात, त्या खड्ड्यात दबतात आणि हाताला धक्का कमी बसतो. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी हँडलवर दोन्ही हात टेकून ते दाबून बघतो, गादी घ्यायला आल्यासारखं. दाबलं गेलं की खूश. दाबल्यावर नळ्या सारख्या परत येतात का, तेल गळतंय का, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली तर खटखट होते का, हे कोणी बघत नाही. खटखट झाली तर ती सायकल उतारावर न्यायची नसते. नळीच्या डोक्यावर एक बटण असतं, ते फिरवलं की शॉकप बंद होतं आणि चिमटा कडक होतो. चढावर आणि गुळगुळीत रस्त्यावर ते ठीक. पण हे लोक सकाळी बंद करतात, विसरतात आणि मेट्रोच्या कामाने उखडलेल्या रस्त्यावरून तसेच जातात. मग मनगट धरून येतात. “शॉकप काम करत नाही.” कसं करेल? तुम्हीच त्याला कुलूप घातलंय.

हे सगळं मी मनात बोलायचे. तोंडाने फक्त ‘हो साहेब’ आणि ‘झालं साहेब’.

आता त्या साहेबांबद्दल. नाव लिहीत नाही. मरोळच्याच एका उंच टॉवरमध्ये राहतात, पन्नाशीचे असतील. मराठी छान बोलतात, पण सायकलचा विषय निघाला की इंग्रजीत जातात. त्यांनी पुढे हवेचं शॉकप असलेली महागाची सायकल घेतली आणि वर बुटाची पायडलं. ती मी लावली. आट्यांना ग्रीस लावलं, आधी हाताने तीन-चार फेरे बसवले, कारण हाताने सहज गेलं तरच आटे नीट धरलेत असं समजायचं, आणि मग पाना लावला. साहेब बाजूला उभे होते.

“बाई, लोणावळ्याला जाताना सायकल गाडीत टाकायची असते. पायडल काढावी लागतील. कशी काढायची?”

मला सांगायचं होतं की या बाजूच्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून दोन्हीकडे पाना वरच्या अंगाला धरून मागच्या चाकाकडे ओढायचा, की सुटतं, आणि लावताना पुढच्या चाकाकडे. हे सगळं डोक्यात तयार होतं. तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आला, आणखी दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझ्या तोंडून निघालं,

“डावं उलटं आहे.”

गाळ्यातलं ‘बिनचेनचं’ त्यांना कळणार नाही म्हणून मी मुद्दाम ‘डावं’ म्हटलं. त्यांनी पायडलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “असं का?” म्हणाले. “बघतो मी.” आणि सायकल घेऊन गेले. मला वाटलं, समजले.

आठ-दहा दिवसांनी परत आले ते लंगडत. गुडघ्याला पट्टी. पायडल हातात, सायकल ड्रायव्हरच्या हातात.

“शेठ, हे काय आहे? आरेमध्ये चढावर होतो. पायडल निघून आलं! बूट पायडलात अडकलेला, पायडल माझ्या पायाला, आणि पायडलखाली काहीच नाही! तसाच हवेत पाय मारत पडलो.”

मला हसू आलं असतं, पण शेठ माझ्याकडे बघत होता.

“बाई, हे तू लावलंस?”

“हो.”

“नीट लावलं होतंस?”

“हो.”

“मग हे काय?” त्याने सायकलचा दांडा दाखवला. ज्या दांड्यात पायडल बसतं त्याचे आटे पार गेले होते. आत चांदीसारखा चुरा. मी साहेबांच्या हातातून पायडल घेतलं, नख फिरवलं. बघायचीही गरज नव्हती. चेनच्या बाजूचं पायडल बिनचेनच्या बाजूने निघालं होतं. दांडीच्या टोकाला इंग्रजीत आर कोरलेला होता, जिथे एल पाहिजे. तेवढी दोन अक्षरं मला येतात. दुसऱ्या बाजूला गेले, तिथे एल. जबरदस्तीने ठोकून आवळलेलं.

“अदलाबदल झालीय,” मी म्हटलं.

“कोणी केली?”

“मी नाही.”

“मग काय पायडलांनी आपापसात ठरवून जागा बदलल्या?” शेठ म्हणाला आणि साहेब हसले. गुडघा फुटलेला माणूस हसला. मग दोघं इंग्रजीत बोलायला लागले आणि मी काचेच्या कपाटासारखी उभी राहिले.

साहेब गेल्यावर मी शेठला पुन्हा म्हटलं, “मी बरोबर लावलं होतं.” तो म्हणाला, “बाई, चूक होते माणसाकडून. मी काही तुला काढत नाहीये. पण दांडे साहेबांना फुकट द्यावे लागले. ते पैसे तुझ्या पगारातून जातील. दर महिना अठराशे, तीन महिने.” आणि वर असं म्हणाला की जड कामाला बाईचा हात म्हणजे हे असं व्हायचंच.

पैशांपेक्षा ते मला लागलं. त्या हाताने त्याच्या दुकानातली शेकडो पायडलं लावली होती, झाडूच्या पगारात.

घरी मी आणि माझी मोठी नणंद, दोघीच. माझे मालक गेल्यापासून आम्ही एका खोलीत राहतो, भाडं अर्धं अर्धं. ती मेट्रो स्टेशनात साफसफाईला आहे आणि तिच्या तोंडाला स्टेशन मास्तरसुद्धा वचकून असतो. तिला सांगितलं तर ती भांडी घासता घासता थांबली.

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं ना, मी नाही केलं.”

“किती जोरात म्हणालीस? मला आत्ता जेवढं ऐकू आलं तेवढं? म्हणजे शेठला काहीच ऐकू आलं नसेल.”

“ताई, तिथे सगळे होते.”

“अगं सगळे होते म्हणून तर बोलायचं! एकटी असताना काय, भिंतीला सांगणार? जीभ दिलीय की चिंध्या भरल्यात तोंडात?” मग भांडी आपटून म्हणाली, “उद्या मी येते तुझ्या दुकानात. त्या लंगड्याचा दुसरा गुडघा फोडते.”

“नको ताई. काम जाईल.”

“मग गप कापून घे. जन्मभर.”

पण त्या महिन्याला माझ्या वाट्याचं भाडं तिनेच भरलं. पुढच्या महिन्यालाही, त्याच्या पुढच्यालाही. कानातल्या फुलांसाठी ती पावडरच्या डब्यात पैसे ठेवायची, त्यातून. प्रत्येक वेळी देताना टोमणा मारला. एकदाही नाही म्हणाली नाही.

तिसरी कपात झाली त्या आठवड्यात साहेब पुन्हा आले. या वेळी तक्रार शॉकपची. “एकदम बसलंय. दाबलं की खालीच जातं.” मी बघितलं, हवा नव्हती. हवेच्या शॉकपला वेगळा छोटा पंप लागतो, काट्याचा. त्यात माणसाच्या वजनाप्रमाणे हवा भरायची, सायकलवर बसून नळीवरची रबराची रिंग किती सरकते ते बघायचं, साधारण पाव नळी सरकली की पुरे.

“साहेब, हवा कुठे भरली?” मी विचारलं.

“पेट्रोल पंपावर. टायरमध्ये भरली तेव्हा म्हटलं यातही भरून टाकू.”

शेठ हसला नाही. गिऱ्हाईक हसवायचं असतं, गिऱ्हाइकाला हसायचं नसतं. मी पंप आणला, हवा भरली, त्यांना बसायला सांगितलं, रिंग बघितली. दहा मिनिटांचं काम. साहेब खूश झाले. मग म्हणाले, “आता लगेच गाडीत टाकतो. पाना द्या. मी काढतो पायडल. मागच्या वेळेसारखं कोणी आवळून ठेवलं असेल तर बघू तरी.” हे ‘कोणी’ म्हणताना माझ्याकडे बघितलं.

चेनच्या बाजूचं पायडल निघालं. मग बिनचेनच्या बाजूला गेले. पाना लावला आणि घड्याळाच्या उलट्या दिशेला ढकलायला लागले. हलेना. हलणार कसं? ते घट्ट करत होते. दोन्ही हातांनी ढकललं. मग पान्यावर पाय ठेवला.

“बघा शेठ! केवढं आवळलंय! माणसाने काढायचं कसं?”

शेठने माझ्याकडे तसंच बघितलं, तीन महिन्यांपूर्वीसारखं. साहेबांनी पान्यावर उभं राहायला सुरुवात केली. मला तो दांडा दिसत होता, नवीन, माझ्या पैशाचा. त्याचे आटे जातील, परत पाच हजार चारशे, परत तीन महिने, परत ताईचा पावडरचा डबा, ज्यात आता काही उरलेलं नव्हतं. आणि पुन्हा माझा हात वाईट.

“साहेब, उलटं!” मी म्हटलं. एवढ्या जोरात की मलाच दचकायला झालं.

“उलटंच फिरवतोय ना!” साहेब वैतागले. “घट्ट सुलटं, सैल उलटं. एवढं कळतं मला.”

“नाही. उलटं म्हणजे तुम्ही फिरवताय त्याच्या उलटं.”

“अहो बाई, तुम्ही ठरवा एकदा. त्या दिवशीसुद्धा तुम्हीच म्हणालात ना, डावं उलटं आहे? म्हणून तर मी घरी जाऊन बदललं!”

शेठ काउंटरमागून पुढे आला.

“काय बदललं?” शेठने विचारलं.

“पायडल. या म्हणाल्या डावं उलटं लावलंय. मला वाटलं चुकून उजव्याचं डावीकडे लागलंय, लाजेने सांगत असतील. वॉचमनला बोलावलं, त्याने इकडून तिकडून फिरवून दोन्ही काढली, मी अदलाबदल केली. जात नव्हतं नीट, मग त्याने पान्याला पाइप लावून बसवलं.” हे सांगताना त्यांचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. आपण काय बोलतोय ते त्यांना बोलता बोलता कळत गेलं.

तीन महिने मी ज्याचा शोध घेत होते ते इतकं साधं होतं. मी म्हटलं होतं ‘उलटं आहे’, त्यांनी ऐकलं ‘उलटं लावलंय’. एक शब्द मी गिळला आणि एक त्यांनी घातला. पण नळ उलटा फिरतो म्हणून कोणी नळ काढून दुसऱ्या भिंतीला लावत नाही. एवढा शिकलेला माणूस, पायडल आत जात नाही म्हटल्यावर पाइप आणतो? आणि पडल्यावर, वॉचमन आठवत नाही, पाइप आठवत नाही, फक्त बाई आठवते?

शेठने मात्र मधला रस्ता काढला. “म्हणजे बाई, अर्धी चूक तुझीपण झाली. नीट सांगायला पाहिजे होतंस.”

अर्धी! त्या शब्दाने माझ्या घशातलं जे काय अडकलेलं होतं ते निघालं. मी शेल्फकडे गेले, पायडलांचे बंद खोके काढले, स्वस्त, महाग, रबराचे, बुटाचे, पाच खोके काउंटरवर ठेवले आणि उघडले.

“शेठ, यातलं डावं कुठलं ते दाखवा.”

शेठने एक उचललं, फिरवलं, परत ठेवलं.

“डावं उलटं असतं,” मी म्हटलं. “याचं, त्याचं, सगळ्यांचं. मी सांगितलं नसतं तरी असंच असतं. तुम्ही सोळा वर्षं पायडल विकताय. तुम्हाला माहीत आहे ना?”

शेठने साहेबांकडे बघितलं. साहेब पान्याकडे बघत होते. दोघांनाही माहीत नव्हतं. लाखाची सायकल विकणारा एक, घेणारा एक, आणि दोघांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं की पायडल कुठल्या बाजूला फिरतं. या माणसांनी माझा पगार कापला होता.

मी पाना घेतला, वरच्या अंगाला धरला आणि मागच्या चाकाकडे ओढला. जरा जोर लागला, कारण साहेबांनी उभं राहून आवळलं होतं. मग सुटलं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला डावं म्हणत नाही, उलटं म्हणत नाही. ‘पुढच्या चाकाकडे घट्ट, मागच्या चाकाकडे सैल, दोन्हीकडे तेच,’ एवढं म्हणते आणि त्यांच्याकडून म्हणवून घेते.

साहेबांनी दांड्यांचे सगळे पैसे तिथेच फोनवरून शेठला दिले. माझ्याकडे बघून म्हणाले, “सॉरी हं बाई. पण तुम्हीपण जरा मोठ्याने बोलत जा.” माफी मागतानासुद्धा यांना शिकवल्याशिवाय राहवत नाही.

शेठला पैसे एका मिनिटात मिळाले. मला कधी? “तीन महिन्यांत कापले, तीन महिन्यांत देईन. हिशोब सारखा राहतो,” तो म्हणाला. कसला हिशोब ते त्यालाच माहीत. पण मी मान हलवली. एका दिवसात माझ्याच्याने तेवढंच बोलणं झालं होतं.

त्या संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. ती मधे मधे “मग?” “मग तू काय म्हणालीस?” विचारत होती, आणि पाच खोक्यांचा भाग तिने तीनदा सांगायला लावला. मग म्हणाली, “तीन महिन्यांत देणार म्हणे! साहेबाकडून एका दमात घेतले ना? मेल्याला व्याज मागायला पाहिजे होतं.”

“पुढच्या वेळी,” मी म्हटलं.

“बोलायला लागली तर आता भलतीच बोलते,” ती म्हणाली.

पहिल्या महिन्याला शेठने पगारात अठराशे वाढवून दिले. दुसऱ्या महिन्याला विसरला. मी केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. काही बोलले नाही, पण हललेही नाही. फोन ठेवून त्याने विचारलं, “काय?” मी म्हटलं, “अठराशे.” दिले. तिसऱ्या महिन्याला पंधराशेच दिले, म्हणाला तीनशे सुटे नाहीत. फोनवरून लाखांचे व्यवहार करणाऱ्या माणसाकडे तीनशे नव्हते. दोन दिवसांनी मी पुन्हा दारात गेले. त्याने खिशातून तीन नोटा काढून काउंटरवर टाकल्या. मी त्या उचलल्या, सरळ केल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

मिळतील तसे मी ते पैसे ताईला देत होते. त्या दिवशी शेवटचे तीनशे तिच्या हातावर ठेवले. तिने पावडरचा डबा काढला, सगळे पलंगावर ओतले आणि बोटाला थुंकी लावून एक एक नोट मोजली. चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“पाच हजार चारशे,” ती म्हणाली. “सगळे आले.”